विश्लेषण : हजारो हात, एकच कोड! तुमच्या फोनमधल्या ‘कर्नेल’ची शिस्त घालून देणारे डेनिस रिची कोण होते?

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या तळाशी लिनक्सचे कर्नेल आहे. आयफोन असेल, तर त्याच्या कर्नेलमध्ये युनिक्सच्या बर्कली शाखेतून आलेला कोड आहे. लिनक्स कर्नेलची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि अशा प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. हे बदल करणारी बहुतेक माणसे एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. तरीही फोन चालतो, बँकेचा सर्व्हर चालतो, रेल्वेचे तिकीट निघते. एकाच कोडमध्ये इतक्या जणांनी हात घालूनही गोंधळ का होत नाही? याचे उत्तर शोधताना एका अबोल अमेरिकी संशोधकाच्या आयुष्यापर्यंत जावे लागते. त्यांचे नाव डेनिस रिची. सी भाषेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण सामायिक कोड कसा सांभाळायचा, याबाबतचे त्यांचे काम तितकेच मोलाचे आहे.

कर्नेल म्हणजे काय? त्यातला बदल जोखमीचा का?

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, कॅमेरा किंवा कीबोर्डशी कसे बोलायचे, हे सगळे कर्नेल ठरवते. एखादे अॅप बिघडले तर तेवढे अॅप बंद पडते. कर्नेल बिघडले तर अख्खे यंत्र बंद पडते.

दुसरी अडचण अशी, की कर्नेलचे सगळे भाग एकाच माहितीवर काम करतात. चालू असलेल्या प्रोग्रामची यादी किंवा उघडलेल्या फाइलची नोंद अनेक भागांना लागते. एकाने त्या नोंदीचा साचा बदलला आणि दुसऱ्याला ते कळले नाही, तर दुसऱ्याचा बरोबर असलेला कोडही चुकीचा ठरतो. त्यामुळे इथे बदल करण्यापेक्षा, त्या बदलाची सांगड इतरांच्या कामाशी घालणे जास्त कठीण असते.

डेनिस रिची कोण होते?

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील अॅलिस्टर रिची हे बेल लॅब्समध्ये संशोधक होते आणि टेलिफोनच्या स्विचिंग सर्किटवरील एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक होते. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावात गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे तिथेच उपयोजित गणितात संशोधन केले. त्यांचा प्रबंध १९६८ मध्ये लिहून तयार होता. मात्र नियमाप्रमाणे त्याची बांधलेली प्रत त्यांनी विद्यापीठात जमा केली नाही. त्यामुळे संगणकशास्त्रातला सर्वोच्च पुरस्कार मिळवलेल्या या माणसाला डॉक्टरेट अधिकृतपणे मिळालीच नाही.

त्याआधीच, १९६७ मध्ये, ते न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅब्समध्ये रुजू झाले होते. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची ही संशोधन संस्था. निवृत्तीपर्यंतची चार दशके त्यांनी तिथेच काढली. सहकाऱ्यांमध्ये ते ‘डीएमआर’ या लॉगिनच्या तीन अक्षरांनीच ओळखले जात.

मल्टिक्स प्रकल्पातून काय शिकायला मिळाले?

रिची आले तेव्हा बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक या तीन संस्था मिळून मल्टिक्स नावाची भव्य ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होत्या. एका मोठ्या संगणकावर शेकडो लोकांनी एकाच वेळी काम करावे, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती, पण प्रकल्प लांबत गेला आणि खर्च वाढत गेला. अखेर १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतले.

याचा फटका रिची, केन थॉम्पसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना बसला. एकाच यंत्रावर सगळ्यांनी मिळून काम करण्याची त्यांना सवय झाली होती. आपण लिहिलेले दुसऱ्याला लगेच दिसते आणि त्याने केलेली सुधारणा आपल्याला मिळते, ही सोय गेली. चांगली सिस्टीम म्हणजे केवळ प्रोग्राम चालवण्याची जागा नव्हे, तर तिच्याभोवती माणसे जमली पाहिजेत, असे रिची यांनी पुढे एका लेखात मांडले. युनिक्सची सुरुवात या गरजेतून झाली.

दोघांच्या कामात मेळ कसा बसला?

बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ नावाचा एक छोटा संगणक फारसा वापरात नव्हता. १९६९ मध्ये थॉम्पसन यांनी त्यावर नवी सिस्टीम उभी केली. फाइल सिस्टीमचा आराखडा थॉम्पसन, रिची आणि रड कॅनडे यांनी मिळून आखला होता. पुढच्या वर्षी पीडीपी-११ हा नवा संगणक आला. त्याची मेमरी होती अवघी २४ किलोबाइट. आज व्हॉट्सअॅपवर येणारा एखादा साधा फोटोही त्यात मावणार नाही.

थॉम्पसन यांनी पुढे सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. दहा वर्षांच्या सोबतीत दोघांच्या कामात गोंधळ झाल्याचे त्यांना एकदाच आठवत होते. एकमेकांना न सांगता दोघांनीही तोच २० ओळींचा असेंब्ली प्रोग्राम लिहिला होता. दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, तर त्या अक्षरन् अक्षर सारख्या निघाल्या.

असा मेळ दोन माणसांत बसू शकतो, दहा जणांत नाही. याची जाणीव त्यांना लवकर झाली असावी, असे युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवरून दिसते. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेच्या पानावर दोन वेगळे रकाने होते. एकात त्या प्रोग्रामचे माहीत असलेले दोष उघडपणे लिहिलेले असत. दुसरा रकाना ‘मालका’चा. अडचण आली तर कोणाकडे जायचे, हे त्यात दिलेल्या आद्याक्षरांवरून कळे. मालक कोण, याचा नियमही प्रस्तावनेत होता : ज्याने त्या प्रोग्रामला शेवटचा हात लावला, तो मालक. मूळ लेखक कोणीही असो.

नियम वाचायला गमतीचा वाटतो, पण त्यात बरेच काही आहे. कोणालाही कुठेही बदल करण्याची मुभा आहे. मात्र बदल केला की त्यानंतरच्या तक्रारी तुमच्याकडे येणार. परवानगीसाठी रांग नाही आणि जबाबदारीतून सुटकाही नाही.

सी भाषेने नेमके काय बदलले?

सुरुवातीचे युनिक्स असेंब्ली भाषेत, म्हणजे त्या विशिष्ट यंत्राच्या सूचनांमध्ये लिहिलेले होते. अशा कोडमध्ये एखाद्या नोंदीतला चौथा आकडा हवा असेल, तर सुरुवातीपासून इतके घर पुढे जा, असे लिहावे लागते. कोणी त्या नोंदीत मध्येच एक घर वाढवले, की पुढची सगळी मोजणी चुकते. ती मोजणी ज्यांनी ज्यांनी वापरली, त्या सगळ्यांना शोधून दुरुस्ती करावी लागते.

थॉम्पसन यांची बी नावाची भाषा होती, पण तिच्यात माहितीचे प्रकार नव्हते. रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात तिच्यातून सी घडवली. १९७२ मध्ये थॉम्पसन यांनी सीच्या प्राथमिक रूपात युनिक्स लिहून पाहिले आणि सोडून दिले. तेव्हा सीमध्ये ‘स्ट्रक्चर’ नव्हते. स्ट्रक्चर म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली, प्रत्येक घराला स्वतंत्र नाव देऊन बांधण्याची सोय. रिची यांनी ती भाषेत आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी कर्नेल सीमध्ये नव्याने लिहिले.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात स्ट्रक्चर हा परीक्षेतल्या प्रश्नापुरता विषय वाटतो. महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी तो नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’मधून घोकला आहे. कर्नेलमध्ये मात्र त्याचे काम वेगळे होते. आता नोंदीचा साचा एका सामायिक फाइलमध्ये एकदाच लिहिला जाऊ लागला. बाकीचा कोड घर मोजण्याऐवजी नाव वापरू लागला. साच्यात नवे घर वाढले, तरी कंपायलर पुन्हा चालवला की सगळी मोजणी आपोआप नव्याने होते. एका माणसाचा बदल दुसऱ्याच्या कामात नकळत घुसण्याची एक मोठी वाट रिची यांनी भाषेतच बंद केली.

एकच कोड वेगवेगळ्या यंत्रांवर कसा चालला?

तोवर प्रत्येक कंपनीच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असे. १९७७ मध्ये रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले. यंत्राशी थेट जोडलेला कोड एका बाजूला काढायचा, उरलेला सगळ्यांसाठी एकच ठेवायचा, अशी पद्धत होती. हे करताना सी भाषाही सुधारावी लागली, कारण जुन्या यंत्राच्या सवयी कोडमध्ये लपलेल्या होत्या. या कामावरचा दोघांचा लेख १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. लिनक्समध्येही आज प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठीचा कोड वेगळ्या फोल्डरमध्ये असतो.

त्याच १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात इंटरडेटाच्याच ७/३२ या यंत्रावर युनिक्स नेले गेले, तेही स्वतंत्रपणे. एकच काम जगाच्या दोन टोकांना एकाच वेळी चालले होते. एका इमारतीतले युनिक्स आता इमारतीबाहेर गेले होते आणि मालकाचा रकाना पुरेनासा झाला होता.

गाडी घसरली कुठे?

रिची आणि थॉम्पसन यांचा युनिक्सवरील लेख जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० हजार डॉलरच्या यंत्रावरही ही सिस्टीम चालते, हे वाचून विद्यापीठांकडून मागणी सुरू झाली. सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीमुळे एटी अँड टीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे विद्यापीठांना नाममात्र शुल्कात टेप मिळे, मूळ कोडसकट. मात्र दुरुस्तीची हमी नाही आणि मदतीसाठी फोन करायची सोय नाही.

याचा परिणाम दुहेरी झाला. कोड हातात असल्याने विद्यार्थ्यांनी स्वतःच दोष शोधले, दुरुस्त केले आणि एकमेकांना पाठवले. दोन फाइलींतला नेमका फरक दाखवणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम बेल लॅब्समध्येच डग मॅकिलरॉय यांनी १९७४ च्या सुमारास तयार केला होता. त्यामुळे सगळी फाइल न पाठवता फक्त बदललेल्या ओळी पाठवणे शक्य झाले. पुढे लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये तो फरक आपोआप लावणारा ‘पॅच’ आणला. कर्नेलच्या जगात बदलाला आजही पॅच म्हणतात.

दुसरा परिणाम तापदायक होता. हे सगळे बदल परत एका जागी येतील, अशी व्यवस्था कोणाकडेच नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत बिल जॉय यांनी स्वतंत्र वितरण सुरू केले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने त्यासाठी पैसे दिले. त्या कामाला दिशा देण्यासाठी नेमलेल्या समितीत बर्कली, एमआयटी, स्टॅनफर्ड आदी ठिकाणच्या मंडळींबरोबर बेल लॅब्सतर्फे रिची होते. एप्रिल १९८१ ते जून १९८३ या काळात ही समिती वर्षातून दोनदा भेटे. कर्नेलमध्ये काय घ्यायचे, यावर वेगवेगळ्या संस्थांनी एकत्र बसून बोलण्याचा तो एक सुरुवातीचा प्रयत्न होता.

पण तोपर्यंत व्यवहार पुढे गेला होता. एटी अँड टीने सिस्टीम ५ बाजारात आणली. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन झाले आणि तिला संगणक विकायची मोकळीक मिळाली. कोड महाग झाला आणि बंदही झाला. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी सहाव्या आवृत्तीच्या कर्नेलवर ओळीओळीने भाष्य लिहिले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायला बंदी आली आणि हे भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स होत लपूनछपून फिरू लागले. ते अधिकृतपणे छापले गेले १९९६ मध्ये. त्यासाठी परवानगी मिळवण्याच्या प्रयत्नात रिची सहभागी होते.

१९८८ पर्यंत युनिक्सचे दोन तट पडले. प्रत्येक कंपनीचे युनिक्स थोडे थोडे वेगळे असल्याने एकच प्रोग्राम चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहावा लागे. पॉझिक्स या मानकाने किमान बाहेरची दारे सारखी केली. पण १९९२ मध्ये बर्कलीच्या कोडवरून खटला उभा राहिला आणि तो १९९४ मध्ये मिटेपर्यंत त्या शाखेचा वेग गेला. याच काळात हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याचे लिनक्स वाढले. त्यात रिची यांचा कोड नव्हता. भाषा मात्र त्यांची होती आणि बाहेरची दारे युनिक्सचीच.

रिची यांची भूमिका काय होती?

या वादात रिची यांचे नाव कोणत्याही तटाचे नेते म्हणून येत नाही. युनिक्स कंपनीच्या मालकीचे होते, त्यांच्या नव्हे. ते संशोधन करत राहिले. १९८४ मध्ये त्यांनी ‘स्ट्रीम’ ही कल्पना मांडली : टर्मिनल किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीवर करायची प्रक्रिया छोट्या, एकमेकांवर रचता येणाऱ्या तुकड्यांत मांडायची. एक तुकडा बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. एटी अँड टीच्या व्यावसायिक आवृत्तीने ती घेतली, पण घेताना तिच्यावर बरेच थर चढवले. मूळची सुटसुटीत मांडणी त्यात राहिली नाही.

सीचे अमेरिकी मानक ठरत असतानाचा प्रसंग अधिक बोलका आहे. मानक समितीने भाषेत ‘नोएलियस’ हा नवा शब्द आणायचे ठरवले होते. मेमरीतल्या या जागेकडे दुसऱ्या वाटेने कोणी जात नाही, असे कंपायलरला सांगून वेग वाढवणे, हा त्यामागचा हेतू. १९८८ मध्ये रिची यांनी समितीला सविस्तर पत्र लिहिले. हा शब्द तेव्हाच्या रूपात आला तर वरवर बरोबर दिसणारे प्रोग्राम चुकू लागतील, हे त्यांनी उदाहरणांसह दाखवले आणि तो काढलाच पाहिजे, असे ठामपणे सांगितले. एरवी मवाळ असलेल्या माणसाचा हा नकार समितीने मानला. १९८९ चे मानक त्या शब्दाविना आले. तशीच सोय पुढे १९९९ मध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ या नावाने, अधिक नेमक्या मर्यादा घालून आली.

सामायिक कोडमध्ये नवे काही घेण्याइतकेच नाकारणेही महत्त्वाचे असते. आणि नकार द्यायचा तर कारण लेखी, इतरांना तपासता येईल असे द्यावे लागते. कर्नेलमध्ये आज पॅच नाकारला जातो, तेव्हा तपासणाऱ्याकडून हीच अपेक्षा असते.

अखेरची वर्षे कशी गेली?

थॉम्पसन यांच्यासह रिची यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार, पुढे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चा जपान पुरस्कार मिळाला. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासह लिहिलेले सीवरचे पुस्तक जगभर पोहोचले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. जुन्या टेपांवर सापडलेले सी कंपायलरचे सुरुवातीचे कोड त्यांनी स्वतः लोकांसाठी खुले केले, त्यातल्या कच्च्या जागांसकट.

रिची एकटे राहत. १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षे. आठवडाभरापूर्वी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि जगभरची पाने त्या बातमीने भरलेली होती. रिची यांच्या वाट्याला त्या मानाने थोडी जागा आली.

आजच्या कर्नेलमध्ये त्यांचे काय उरले आहे?

फाइल उघडण्यासाठी, वाचण्यासाठी, लिहिण्यासाठी पहिल्या पुस्तिकेत ज्या नावांच्या हाका होत्या, त्याच नावांच्या हाका लिनक्स आजही ओळखते. आत काहीही बदला, पण बाहेरच्या प्रोग्रामना दिलेला शब्द मोडू नका, हा लिनक्सचा कडक नियम आहे. दारे पक्की असली, की आतली माणसे मोकळेपणाने काम करू शकतात.

जबाबदारीचा नियम मात्र बदलला. लिनक्सच्या कोडमध्ये एक मोठी यादी असते. कोणत्या भागाचा सांभाळ कोण करते आणि पॅच कोणाकडे पाठवायचा, हे तीत लिहिलेले असते. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली तो पाठवणाऱ्याला नावानिशी हमी द्यावी लागते, की हा कोड देण्याचा मला अधिकार आहे. मालकीच्या खटल्यांतून आलेले हे शहाणपण. २००५ मध्ये आलेल्या गिटमुळे कोणती ओळ कोणी, कधी बदलली हे कायमचे नोंदले जाते.

शेवटचा हात लावणारा मालक, हा नियम एका खोलीतल्या चार-पाच जणांना पुरेसा होता. हजारोंसाठी तो पुरत नाही. म्हणून आता भागाचा सांभाळकर्ता वेगळा आणि बदल करणारा वेगळा. पण बदलामागे नाव हवे, माहीत असलेला दोष लपवू नये आणि अडचण आल्यास कोणाला विचारायचे हे कोणालाही कळावे, या तीन गोष्टी १९७१ च्या त्या पुस्तिकेतल्याच आहेत. फोनवर पुढचे अपडेट येईल, तेव्हा त्यातल्या कर्नेलच्या प्रत्येक बदलाखालीही कोणाचे तरी नाव असेल.